एनएफएल संघांचे फ्रंट ऑफिस आणि संघांची किंमत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. त्यांच्या चाहत्यांची भांडणे मैदानावरील खेळाइतकीच मालक, जनरल मॅनेजर आणि संघाच्या बाजारभावावरही होत असतात. या वादांत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेक उदाहरणे एनएफसी ईस्ट या गटातील आहेत. डॅलस काउबॉइज, फिलाडेल्फिया ईगल्स, न्यू यॉर्क जायंट्स आणि वॉशिंग्टन कमांडर्स हे चार संघ वर्षातून दोनदा एकमेकांशी खेळतात, आणि त्यांच्या चाहत्यांचे आपापसातील वैर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. संघाची किंमत आणि कारभाराची गुणवत्ता यांचा संबंध किती सैल आहे, हेही याच गटात सर्वांत स्पष्ट दिसते.

फ्रंट ऑफिसमध्ये नेमके कोण कोण येतात?

जनरल मॅनेजर, त्याचे सहायक, महाविद्यालयीन आणि व्यावसायिक खेळाडूंची पारख करणारे स्काउट, सॅलरी कॅपचा, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावरील मर्यादेचा, हिशेब सांभाळणारे आणि विश्लेषण विभाग, अशी ही मंडळी असते. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा आणि कोणाला सोडायचे, हे ते ठरवतात. प्रशिक्षक त्या खेळाडूंना घेऊन सामने खेळवतो. तिकिटे, जाहिराती आणि स्टेडियम पाहणारा व्यावसायिक विभाग वेगळा असतो. चाहते अनेकदा या दोन्ही विभागांना एकाच मापाने मोजतात, आणि वादातला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

संघाची किंमत कोण ठरवते? ती खरी मानावी का?

फोर्ब्स दर वर्षी यादी काढते. स्पोर्टिको आणि सीएनबीसी यांच्याही याद्या असतात आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. साधारण पद्धत अशी की संघाचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, अलीकडे झालेल्या विक्रींवरून त्याला किती पटीने गुणायचे ते ठरवायचे, आणि स्टेडियमचा करार व शहराची बाजारपेठ यांनुसार तो गुणक वरखाली करायचा. हा अंदाजच असतो. तो हवेतला म्हणता येत नाही, कारण अधूनमधून एखादा संघ खरोखर विकला जातो आणि अंदाज तपासता येतो. २०१८ मध्ये कॅरोलायना पँथर्स सुमारे २.२८ अब्ज डॉलरला, २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज ४.६५ अब्जांना आणि २०२३ मध्ये वॉशिंग्टन ६.०५ अब्जांना विकला गेला. यादीतील किंमत मात्र मालकाच्या खिशात पडलेली नसते. विकेपर्यंत ती कागदावरच राहते, आणि एनएफएलचे मालक सहसा संघ विकत नाहीत.

काउबॉइज तीस वर्षे सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचलेले नाहीत. तरीही तो सर्वांत महाग संघ कसा?

जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये हा संघ आणि त्याच्या स्टेडियमचे हक्क मिळून सुमारे १४ कोटी डॉलरला घेतले. २०२५ च्या फोर्ब्स यादीत त्याची किंमत १३ अब्ज डॉलर होती. साध्या चक्रवाढीने हिशेब केला, तर छत्तीस वर्षे दरसाल तेरा टक्क्यांहून अधिक वाढ झाली, आणि त्यात दरवर्षीचा नफा धरलेला नाही.

पहिली सात वर्षे या वाढीला मैदानावरील यशाची जोड होती. जोन्स यांनी आल्या आल्या टॉम लँड्री यांच्यासारख्या दिग्गज प्रशिक्षकाला काढले आणि जिमी जॉन्सन यांना आणले. हर्शेल वॉकर हा खेळाडू मिनेसोटाला देऊन त्यांनी ड्राफ्टमधील (महाविद्यालयीन खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील) निवडींचा ढीग मिळवला, आणि १९९२, १९९३ व १९९५ या हंगामांत संघ विजेता ठरला. त्यानंतर आजवर काउबॉइजना प्लेऑफचे केवळ पाच सामने जिंकता आले आहेत आणि कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोन विभागांपैकी आपल्या विभागाच्या, अंतिम सामन्यापर्यंत एकदाही पोहोचता आलेले नाही.

किंमत वाढण्याची कारणे मैदानाबाहेरची आहेत. लीगच्या प्रायोजकांना डावलून जोन्स यांनी १९९५ मध्ये स्टेडियमच्या नावाने पेप्सी आणि नायकी यांच्याशी स्वतंत्र करार केले. त्यावरून लीगने त्यांच्यावर ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि त्यांनी ७५ कोटींचा उलट दावा ठोकला. अखेर तडजोड झाली आणि इतर मालकांनाही अशा स्थानिक करारांची वाट मोकळी झाली. संघाच्या मालाची विक्री काउबॉइज स्वतःच करतात. इतर संघांप्रमाणे ती सामायिक तिजोरीत टाकत नाहीत. २००९ मध्ये आर्लिंग्टनला उभे राहिलेले स्टेडियम फुटबॉल नसलेल्या दिवशीही पैसे मिळवते. या कशाचाही चौथ्या डावात पास झेलला गेला की नाही याच्याशी संबंध नाही.

त्यामुळे ‘आमचा संघ जगात सर्वांत महाग आहे’ हे डॅलसच्या चाहत्याचे उत्तर खरे असले, तरी ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. जोन्स हे अलौकिक विक्रेते आहेत, आणि तेच स्वतःचे जनरल मॅनेजरही आहेत. दुसऱ्या कोणत्याही मालकाच्या हाताखाली असे निकाल देणारा जनरल मॅनेजर एव्हाना चार-पाच वेळा बदलला गेला असता.

म्हणजे काउबॉइजचे फ्रंट ऑफिस वाईट आहे का?

प्रतिस्पर्धी म्हणतात तितके नाही. त्यांची ड्राफ्टमधील पारख बऱ्याच वर्षांपासून चांगली आहे. डॅक प्रेस्कॉट चौथ्या फेरीत मिळाला, सीडी लॅम्ब आणि मायका पार्सन्स पहिल्या फेरीत मिळाले, आणि २०२१ ते २०२३ असे सलग तीन हंगाम संघाने प्रत्येकी बारा सामने जिंकले. दोष करारांच्या वेळेत आहे. चांगल्या खेळाडूशी लवकर करार केला तर तो स्वस्त पडतो, कारण लीगमधील भाव दरवर्षी चढत असतात. डॅलस वाट पाहत बसते आणि शेवटी चढलेल्या भावाने पैसे मोजते. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा, तोपर्यंतचा सर्वांत मोठा करार द्यावा लागला, तो असाच.

पार्सन्सच्या सौद्यात कोणाची सरशी झाली?

ऑगस्ट २०२५ अखेर डॅलसने पार्सन्सला ग्रीन बे पॅकर्सकडे पाठवले आणि बदल्यात केनी क्लार्क हा खेळाडू व पहिल्या फेरीच्या दोन निवडी घेतल्या. ग्रीन बेने त्याला चार वर्षांचा १८.८ कोटी डॉलरचा करार दिला. पुढे नोव्हेंबरमध्ये डॅलसने निवडी खर्च करून न्यू यॉर्क जेट्स या संघाकडून क्विनन विल्यम्स आणला. केवळ देवाणघेवाण पाहिली, तर सौदा एकतर्फी नव्हता. मात्र पार्सन्सच्या एजंटला बाजूला ठेवून मालकाने थेट खेळाडूशी बोलणी केली, त्यातून बेबनाव झाला आणि हंगामाच्या तोंडावर विकण्याची वेळ आली. हा भाग कारभाराच्या दृष्टीने नापासच म्हणावा लागतो. हीच बोलणी एक वर्ष आधी झाली असती तर विकण्याचा प्रश्न कदाचित उद्भवलाच नसता.

हरणाऱ्या संघाचीही किंमत वाढते, हे कसे?

कारण लीगचे बहुतांश उत्पन्न सामायिक आहे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपण कायद्याने संघांना प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकण्याची मुभा मिळाली. तेव्हाचे आयुक्त पीट रोझेल यांनी मोठ्या शहरांच्या मालकांना समान वाटपासाठी राजी केले. न्यू यॉर्कच्या मारा कुटुंबाला त्यात सर्वांत जास्त गमवावे लागणार होते, तरी त्यांनी होकार दिला. लीगच्या आजच्या समृद्धीचा पाया त्या होकारात आहे, असे माझे मत आहे. २०२१ मध्ये झालेले प्रक्षेपण करार अकरा हंगामांसाठी सुमारे ११० अब्ज डॉलरचे आहेत, आणि सुपर बोल जिंकणाऱ्याला व तळाच्या संघाला त्यातून सारखाच वाटा मिळतो.

या वाट्याचा नेमका आकडा पॅकर्समुळे कळतो, कारण हा एकच संघ आपला ताळेबंद दरवर्षी जाहीर करतो. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात त्यांना लीगकडून ४३.२६ कोटी डॉलर मिळाले. त्या हंगामाची सॅलरी कॅप २५.५४ कोटी होती. एकही तिकीट विकण्याआधी खेळाडूंच्या पगाराची रक्कम वसूल झालेली असते. शिवाय तळाला गेल्याबद्दल खालच्या श्रेणीत ढकलण्याची पद्धत येथे नाही. उलट सर्वांत वाईट संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते. २०२५ च्या यादीत तळाशी असलेल्या सिनसिनाटी बेंगल्सची किंमतही पाच अब्जांच्या वर होती.

वॉशिंग्टनचे उदाहरण प्रत्येक वादात का येते?

डॅनियल स्नायडर यांनी १९९९ मध्ये संघ आणि स्टेडियम मिळून ८० कोटी डॉलरला घेतले. त्यांच्या चोवीस हंगामांत प्लेऑफचे दोन सामने जिंकले गेले. फक्त दोन. प्रशिक्षक येत आणि जात राहिले. २०१२ मध्ये रॉबर्ट ग्रिफिन या क्वार्टरबॅकसाठी (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूसाठी) पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि दुसऱ्या फेरीची एक निवड देण्यात आली, आणि गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो बेत कोसळला. स्टेडियमची रया गेली आणि कधी काळी जागेसाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबणारे चाहते घरी बसू लागले. कार्यालयातील गैरवर्तनाच्या तक्रारींची चौकशी झाली, २०२० मध्ये जुने नाव सोडावे लागले, आणि अखेर लीगने स्नायडर यांना ६ कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

एवढे होऊनही २०२३ मध्ये जॉश हॅरिस यांच्या गटाने ६.०५ अब्ज डॉलर मोजले. मूळ किमतीच्या साडेसातपट. चांगल्या कारभाराने किंमत वाढते असे मानणाऱ्यांनी या व्यवहाराचे उत्तर द्यायला हवे. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: स्नायडर यांची वाढ दरसाल नऊ टक्क्यांच्या आत राहिली, आणि जवळपास तेवढ्याच काळात नीट चाललेल्या संघांचे भाव याहून वेगाने चढले. म्हणजे वाईट कारभाराने मालकाचे नुकसान होते, फक्त ते नफा थोडा कमी होण्याच्या रूपाने होते. चाहत्यांच्या वाट्याला आलेले नुकसान कोणत्याही यादीत येत नाही.

मालक बदलल्याने फ्रंट ऑफिस किती लवकर सुधारते?

वॉशिंग्टनमध्ये सुधारणा फार झटपट झाली, आणि म्हणून ती फसवी ठरू शकते. हॅरिस यांनी जानेवारी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून अ‍ॅडम पीटर्स यांना जनरल मॅनेजर म्हणून आणले. त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर जेडन डॅनियल्सची निवड केली आणि संघ चार विजयांवरून बारा विजयांवर जाऊन थेट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचला. तिथे ईगल्सनी त्यांना ५५-२३ असे हरवले. पुढच्या हंगामात डॅनियल्स वारंवार जखमी झाला आणि संघ पुन्हा घसरला. एका योग्य क्वार्टरबॅकची निवड सारे काही झाकते. तो बाजूला गेला की बाकीच्या संघबांधणीची खरी स्थिती दिसते. पीटर्स यांच्याविषयी आजच निकाल देणारे, स्तुती करणारे आणि टीका करणारे दोघेही, घाई करत आहेत.

ईगल्सच्या फ्रंट ऑफिसची इतकी स्तुती का होते?

कारण त्यांच्या चुकाही लवकर दुरुस्त होतात. हाउई रोझमन कधी फुटबॉल खेळलेले नाहीत. कायद्याचे शिक्षण घेऊन ते २००० मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागले, कॅपचा हिशेब शिकले आणि २०१० मध्ये जनरल मॅनेजर झाले. २०१५ मध्ये प्रशिक्षक चिप केली यांच्या हाती अधिकार गेले आणि रोझमन यांना बाजूला बसावे लागले. वर्षअखेर केली यांना काढल्यावर ते परतले. त्यानंतर संघाने फेब्रुवारी २०१८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकले, आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक व क्वार्टरबॅक वेगळे होते. माझ्या मते हीच खरी कसोटी आहे. एका महान क्वार्टरबॅकच्या आधाराने दहा वर्षे जिंकणे वेगळे आणि संघ मोडून पुन्हा बांधणे वेगळे.

त्यांची पद्धत थोडक्यात अशी आहे. खेळाडूच्या रकमेचा मोठा भाग करारावर सही करतानाच्या बोनसच्या रूपाने द्यायचा, कारण असा बोनस कॅपच्या हिशेबात पाच वर्षांपर्यंत विभागता येतो. करार संपल्यानंतरची काही नाममात्र वर्षेही जोडायची, म्हणजे आजचा भार आणखी पुढे सरकतो. दरम्यान कॅप वाढत राहते, त्यामुळे जुना भार तुलनेने हलका होतो. ही हातचलाखी कोणीही करू शकतो. मात्र त्यासाठी आज रोख रक्कम मोजायला तयार असलेला मालक लागतो, आणि जेफ्री लुरी तसे आहेत. लुरी यांनी १९९४ मध्ये १८.५ कोटींना संघ घेतला होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी सुमारे ८ टक्के हिस्सा विकला, तेव्हा संपूर्ण संघाची किंमत ८.३ अब्ज डॉलर धरली गेली.

रोझमन अचूक असतात असे नाही. २०२० मध्ये त्यांनी जस्टिन जेफरसनला सोडून जेलन रेगरला निवडले, आणि जेफरसन ज्यांच्याकडे गेला ते मिनेसोटाचे चाहते ती आठवण आजही आनंदाने काढतात. पण दोन वर्षांनी त्यांनी टेनेसीकडून ए. जे. ब्राउन आणून ती जागा भरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्राउनने जुन्या संघाची सामन्यात धुलाई केली आणि दोनच दिवसांनी टेनेसीच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली.

सॅलरी कॅप सर्वांना सारखी असताना ‘मालक कंजूष आहे’ या आरोपाला अर्थ आहे का?

आहे. कॅप हा हिशेबातील आकडा आहे आणि प्रत्यक्ष रोख खर्च हा वेगळा आकडा आहे. वर सांगितल्याप्रमाणे बोनस आगाऊ देणारा संघ एखाद्या वर्षी कॅपपेक्षा बरीच जास्त रोख रक्कम खर्च करू शकतो. त्याशिवाय पुढील वर्षांसाठी हमी दिलेल्या पगाराचा मोठा भाग आधीच वेगळा काढून ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे संघाबाहेरची मोठी संपत्ती नाही, अशा कुटुंबांना हे जड जाते. सिनसिनाटीचे ब्राउन कुटुंब याचे ठरलेले उदाहरण आहे: हमी देताना हात आखडता, स्काउटचा ताफा लहान. तरीही जो बरो मिळाल्यावर तोच संघ फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल खेळला आणि तीन गुणांनी हरला. मग सढळ हाताने दिलेला पैसा नेहमी कामी येतो का? २०२२ मध्ये क्लीव्हलँडने डेशॉन वॉटसनला पूर्ण हमीचे २३ कोटी डॉलर दिले आणि वर पहिल्या फेरीच्या तीन निवडी गमावल्या. त्यापेक्षा कंजूषपणा परवडला असता.

जायंट्सच्या चाहत्यांचा राग मालकांवर असावा की जनरल मॅनेजरवर?

टिम मारा यांनी १९२५ मध्ये, असे सांगतात की, ५०० डॉलर देऊन हा संघ मिळवला. १९९१ पासून अर्धी मालकी टिश कुटुंबाकडे आली. दोन कुटुंबांच्या या घरात जुन्या माणसांवरचा भरवसा मोठा आहे, आणि त्याच भरवशाने २००७ व २०११ च्या हंगामांत दोन सुपर बोल मिळवून दिले. २०२२ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून बाहेरून जो शॉन आले. त्यांनी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला चार वर्षांचा १६ कोटींचा करार दिला, सेकॉन बार्कली या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) मात्र जाऊ दिले, आणि तो थेट ईगल्सकडे गेला. २०२४ मध्ये बार्कली नियमित हंगामात २,००५ यार्ड धावला आणि विजेता झाला. जायंट्सनी तीन सामने जिंकले आणि जोन्सला हंगाम संपण्याआधीच मोकळे केले. रनिंग बॅकवर फार पैसे खर्च करू नयेत, हे शॉन यांचे तत्त्व चुकीचे नव्हते. पैसे ज्याच्यावर खर्च केले तो माणूस चुकीचा निघाला.

दरम्यान २०२५ मध्ये जायंट्सचा १० टक्के हिस्सा विकला गेला, तेव्हा संघाची किंमत १० अब्जांच्या वर धरली गेली. जायंट्सचे स्टेडियम न्यू जर्सीत आहे आणि त्याच राज्याचा दक्षिण भाग फिलाडेल्फियाला मानणारा. तेथील मराठी घरांतली शाळकरी मुले या वैरात आई-वडिलांपेक्षा कितीतरी आधी सामील होतात.

खासगी गुंतवणूक निधी आल्याने फ्रंट ऑफिसवर परिणाम होईल का?

तूर्त नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मालकांनी निवडक निधींना एका संघात १० टक्क्यांपर्यंत हिस्सा घेण्याची मुभा दिली, पण त्यांना कारभारात मत नाही. मायामी आणि बफेलो यांनी त्याच वर्षी असे हिस्से विकले. मालकांना संघ न सोडता रोख रक्कम मिळते, आणि ती बहुधा स्टेडियमकडे जाते.

नवे स्टेडियम म्हणजे मोठी किंमत, हे समीकरण बरोबर आहे का?

बहुतेक वेळा बरोबर आहे. स्टॅन क्रोंकी यांनी रॅम्स २०१६ मध्ये सेंट लुइसहून लॉस एंजेलिसला हलवले, २०२० मध्ये सोफाय स्टेडियम उघडले आणि २०२५ च्या यादीत हा संघ १०.५ अब्जांसह डॅलसच्या पाठोपाठ आला. तडजोडीपोटी सेंट लुइसला ७९ कोटी डॉलर दिले गेले, तरीही मालकाचा हिशेब फायद्याचाच राहिला. तेथील चाहत्यांचा हिशेब कोणी केला नाही.

आयपीएलशी तुलना करता येईल का?

पैशाच्या बाबतीत येते. आयपीएलमध्येही प्रक्षेपणाचे पैसे मध्यवर्ती तिजोरीतून वाटले जातात आणि संघ खालच्या श्रेणीत जात नाही. सीव्हीसी ही गुंतवणूक संस्था गुजरात टायटन्सची मालक झाली आणि एनएफएलने मान्यता दिलेल्या निधींच्या गटातही तिचे नाव आहे. मात्र फ्रँचायझीचा भाव फक्त चढतोच असा समज असेल, तर पुण्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. पुणे वॉरियर्ससाठी २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरची बोली लागली आणि २०१३ मध्ये संघच बंद झाला. फ्रंट ऑफिसची तुलना फारशी जमत नाही, कारण आयपीएलच्या मोठ्या लिलावात दर काही वर्षांनी जवळजवळ सगळा संघ नव्याने उभा राहतो. एनएफएलमध्ये ड्राफ्टमधील एक चूक चार वर्षे सोबत राहते.

सामान्य चाहत्याला एखाद्या संघाचा हिस्सा घेता येतो का?

केवळ ग्रीन बेचा, आणि तोही विक्री उघडली जाते तेव्हाच. १९२३ पासून पॅकर्स ही ना-नफा संस्था आहे आणि तिचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. यापूर्वीची विक्री २०२१-२२ च्या हंगामात झाली होती. या शेअरवर लाभांश मिळत नाही, त्याचा भाव वाढत नाही आणि तो बाजारात विकता येत नाही. कुटुंबातील व्यक्तीला देता येतो. भागधारकांना संचालक निवडण्यासाठी मत असते आणि लॅम्बो फील्डवर भरणाऱ्या वार्षिक सभेला हजर राहता येते. जनरल मॅनेजर कोण असावा, हे त्या सभेत ठरत नाही.